सारख्या लांबीची वायर

वायर आली तर शांतिनाथ मगदूमला खुर्ची मिळणार होती. वायरलेस आलं तर ती त्याच्या काकांकडंच राहणार होती. बेदाणा व्यापारी संघाच्या बाकीच्या सभासदांचं यात काहीच जात-येत नव्हतं. आपल्या शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त काही मिळत नाही ना, एवढंच बघायला ते आले होते, आणि तेवढ्यासाठी दिवसभर बसायची त्यांची तयारी होती.

इमारतींमध्ये नेटवर्क घालायचा माझा धंदा. मिरजेत दुकान आहे. कुणी कामाला बोलावलं की पॉइंट किती हे मी नंतर विचारते. काम झाल्यावर कोण कुठं बसणार, हे आधी विचारते. म्हणजे बिल कोण अडवणार याचा अंदाज येतो.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्षांच्या पट्ट्यातलं एक गाव, त्याचं मार्केट यार्ड आणि यार्डात संघाची नवी कोरी इमारत. खाली ऑफिसं, वर सौद्याचा हॉल. त्या हॉलमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक भरली होती. ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"बागवानताई," संघाचे अध्यक्ष हुक्केरीशेठ म्हणाले, "तुमच्यात फळं विकतात. तुम्ही वायर कुठनं विकायला लागला?"

"फळं नासतात, शेठ. वायर नासत नाही."

"मग आमचा बेदाणा विका. तो बी नासत न्हाई."

"तुमच्याकडनं घेऊन पुढं विकायचा म्हणजे नासण्याआधी मीच सुकेन."

हॉल हसला. हसलेलं गिऱ्हाईक दर पाडताना जास्त निर्दय असतं हे मला माहीत होतं, पण इलाज नव्हता.

त्या यार्डात बेदाण्याचे सौदे पिढ्यानपिढ्या रुमालाखाली होत आले होते. विकणारा अडत्या आणि घेणारा व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं दाबून दर सांगायचे, आणि भोवती उभ्या असलेल्या गर्दीला काही पत्ता लागायचा नाही. कायद्यानं ही पद्धत केव्हाच बंद केली होती. यार्डात ती बंद होती ती फलकावर. पण बाहेरचे मोठे खरेदीदार आता म्हणायला लागले होते, दर कॉम्प्युटरवर दिसू दे, नाहीतर आम्ही दुसऱ्या यार्डात जातो. म्हणून ही इमारत, म्हणून हा हॉल, म्हणून मी. नियम साधा केला होता: एका फर्मला एक जागा, एक कॉम्प्युटर.

मगदूम फर्म देवगोंडा मगदूम यांची. यार्ड त्यांना अण्णा म्हणायचं. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा गाळा होता आणि गाळ्यामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहायचे. मूलबाळ नव्हतं. शांतिनाथ हा थोरल्या भावाचा मुलगा, फर्ममध्येच कामाला. त्या दिवशी दोन हमालांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून हॉलमध्ये आणलं होतं. पण रोज कोण उचलणार? वायरलेस असेल तर अण्णा गाळ्यात बसून बोली लावतील. वायर असेल तर ती हॉलमध्ये येणार, म्हणजे हॉलमध्ये शांतिनाथ बसणार. आणि त्या यार्डात जो बोली लावतो तोच फर्मचा मालक, कागदावर नाव कुणाचंही असो. आज ना उद्या फर्म शांतिनाथकडंच यायची होती. पण 'उद्या'ची वाट बघत तो चाळिशीला आला होता.

माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. बैठकीला तो नेटवरची माहिती छापून घेऊन आला होता.

"भोवती सगळे पत्र्याचे गाळे," तो म्हणाला, "आणि सौद्याच्या वेळी यार्डात तीनशे मोबाइल. ताई, मला एवढंच सांगा. बोली लावली आणि तेवढ्यात सिग्नल गेला, तर जबाबदार कोण?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "म्हणूनच म्हणते, वायर घाला."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. मी कुणाच्या फायद्याचं बोलतेय हे मला कळत होतं. पण ते खरंही होतं. खरं बोलून कुणाचा तरी फायदा होतोच, आणि तो आपल्याला हव्या त्या माणसाचा व्हावा अशी सोय धंद्यात नसते.

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. म्हणाले, "वायरच घाला."

शांतिनाथ आ वासून बघत राहिला. त्यानं भांडणाची तयारी केली होती, छापील पानं अजून निम्मी शिल्लक होती.

"पण," अण्णा म्हणाले, "सगळ्यांची एका लांबीची घाला. एकाची दहा मीटर, एकाची साठ मीटर, असं चालणार न्हाई. ज्याची आखूड, त्याची बोली आधी पोचंल."

"अण्णा, तसं नसतं," मी म्हणाले. "लांब वायरीतनं जायला जो जादा वेळ लागतो, तो पापणी लवायला लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शाइतकासुद्धा नाही."

"पण लागतो?"

"लागतो, पण—"

"लागतो म्हणाल्या!" मागनं कुणीतरी ओरडलं.

झालं. बेदाण्याच्या पेटीत देठाची काडी किती निघाली यावर अर्धा दिवस भांडणारी माणसं ती. त्यांना लाखावा हिस्सा म्हणजे हिस्साच. आतापर्यंत पंख्याखालची जागा पाहिजे म्हणणारे एकदम पेटीजवळची जागा पाहिजे म्हणायला लागले. ही पेटी म्हणजे सगळ्या वायरी जिथनं निघतात ते कपाट. नकाशात ती स्टेजच्या मागं दाखवलेली होती. दोघंजण उठून स्टेजजवळच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून आले. हुक्केरीशेठनी टेबलावर हात आपटला.

"लिहून घ्या. सगळ्यांची वायर सारखी. ज्याची जागा जवळ, त्याची उरंल ती गुंडाळून खुर्चीमागं ठिवायची. ताई, जमतंय न्हवं?"

"जमतंय. वायर फुकट जाईल."

"ती आमची जाईल. तुमची तर विकली जाईल की!"

मी लिहून घेतलं.

"आणि माझी जागा," अण्णा म्हणाले, "माझ्या गाळ्यात."

शांतिनाथ हसला.

"काका, हॉल कशाला बांधलाय मग?"

"एका फर्मला एक जागा, असा नियम हाय. ती कुठं, ते लिहिलेलं न्हाई."

शांतिनाथ माझ्याकडं वळला. "ताई, ही तांब्याची वायर किती लांब चालते?"

"शंभर मीटर. त्यातले दोन्ही टोकांच्या जोडण्यांसाठी दहा सोडा. नव्वद धरा."

"आणि स्टेजमागच्या पेटीपासनं काकांच्या गाळ्यापर्यंत किती?"

त्यानं खिशातनं मोजपट्टी काढली तेव्हाच मी ओळखलं की यानं आधी मोजून ठेवलंय. तरी आम्ही मोजलं. हॉल, जिना, वजनकाट्याला वळसा, मग गाळ्यांची ओळ. एकशे तीसच्या घरात गेलं.

मध्ये एक छोटी पेटी बसवून वायर पुढं नेता आली असती. पण वाटेत थांबणारी बोली अण्णांनाच नको होती. काचेच्या तारेनं, म्हणजे फायबरनं, कितीही लांब जाता आलं असतं. पण तिच्यातनं उजेड धावतो असं मी बोलून गेले, आणि बाकीचे उठलेच. "अण्णा उजेडानं जाणार आणि आम्ही तांब्यानं?" सगळ्यांनाच काचेची घालायची तर प्रत्येक जागेला जादा डबी लागणार होती, आणि तो खर्च कुणाला झेपणार नव्हता.

"अण्णा," हुक्केरीशेठ जरा मऊ आवाजात म्हणाले, "आम्ही न्हाई म्हणत न्हाई. शास्त्रच न्हाई म्हणतंय."

पुढच्या आठवड्यात पक्का आराखडा घेऊन यायला सांगून त्यांनी बैठक मोडली.

मी जिना उतरले तर खाली हमाल उभा. "अक्कानी च्याला बोलावलंय."

राजाक्का म्हणजे अण्णांची बायको. गाळ्यात जमिनीवर बसून परातीतला बेदाणा निवडत होत्या. इरकली लुगडं, कपाळावर बारीक कुंकू, हात एवढा चपळ की दाणे आपणहून वेगळे होतायत असं वाटावं. अण्णांना तोवर खाली आणून तक्क्याला टेकवलं होतं.

"ती वायर बघू," अण्णा म्हणाले.

मी पिशवीतनं नमुना काढून दिला. टोक सोललेलं, आतल्या आठ तारा बाहेर आलेल्या. अण्णा ते टोक बोटांत धरून फिरवत राहिले. बोलता बोलता एक तार त्यांच्या अंगठ्यात घुसली आणि रक्ताचा थेंब आला. ते बोलतच राहिले. अक्का उठल्या, पदरानं थेंब टिपला, तुकडा त्यांच्या हातातनं काढून घेतला आणि परत परातीशी बसल्या. मला वाटलं, आयुष्यभर बेदाण्याच्या पेट्या हाताळलेले हात, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय.

"पोरी," अक्का म्हणाल्या, "ही वायर सुरू कुठनं हुतीया?"

"स्टेजमागच्या पेटीतनं."

"पेटी तितंच का?"

"नकाशात तिथं आहे."

"नकाशात तर आमचा गाळा बी न्हाई. म्हणून आम्ही न्हाई व्हय?"

मी हसले.

"जिन्याखाली, ह्या अंगाला एक खोली हाय बग. तितं पेटी ठिवली तर?"

"अक्का, ती अध्यक्षांची केबिन आहे."

"ते मला ठावं हाय. तू मोजून ये."

मी मोजून आले. त्या खोलीपासनं गाळा अठ्ठ्याऐंशी मीटर. हॉलमधली सगळ्यात लांबची खुर्ची त्याहून बरीच अलीकडं. सगळ्यांना अठ्ठ्याऐंशी मीटर वायर दिली की सारखेपणा राहतो, शास्त्रही राहतं आणि अण्णांची जागाही राहते. फक्त गुंडाळून ठेवायची वायर डोंगराएवढी होते.

"जमतंय," मी सांगितलं. "पण एवढा खटाटोप कशाला? शांतिनाथ बसेल की हॉलमध्ये. घरचाच आहे."

"घरचा हाय म्हणूनच," अण्णा म्हणाले.

"एकदा बसला की उठायचा न्हाई," अक्का म्हणाल्या आणि माझ्यापुढं चहाची बशी सरकवली.

पुढच्या बैठकीत मी आराखडा मांडला. पहिला फटका हुक्केरीशेठना बसला.

"माझ्या केबिनमध्ये पेटी? मग मी बसू कुठं?"

"तिथंच बसा शेठ, शेजारी. पेटीला एसी लागतो. तो संघाच्या खर्चानं बसेल."

एसीचं ऐकल्यावर त्यांचा विरोध पातळ झाला. "घरघर तर न्हाई करत?" एवढंच त्यांनी विचारलं. थोडी करते, असं मी सांगितलं. थोडी किती, ते त्यांनी विचारलं नाही.

शांतिनाथ मात्र उठून उभा राहिला. "हॉलसाठी साठ मीटर पुरतायत. एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांनी अठ्ठ्याऐंशी का घ्यायची? जादा वायरीचे पैसे कोण देणार?"

प्रश्न बरोबर होता. माना हलायला लागल्या.

"मी देणार," अण्णा म्हणाले. "सगळ्यांची जादा वायर माझ्या नावावर."

फुकट म्हटल्यावर त्या हॉलमध्ये जेवढं एकमत झालं तेवढं संघाच्या स्थापनेलाही झालं नसेल. शांतिनाथ खाली बसला. बसताना त्यानं काकांच्या हातांकडं बघितलं, चेहऱ्याकडं नाही. माझ्या ते लक्षात राहिलं, पण अर्थ लागला नाही.

"मग दर आत्ताच ठरवा," हुक्केरीशेठ म्हणाले. "पैसं अण्णांचं, सौदा अण्णांचा. रुमाल आणा रे!"

"शेठ, बाईचा हात रुमालाखाली धरायचा कुणी?" मागनं कुणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदला.

"कुणी न्हाई," अण्णा म्हणाले. "राजाक्काला बोलवा."

अक्का आल्या. त्या हॉलमध्ये आलेली मी सोडून ती पहिली बाई. सगळे उठून उभे राहिले. का उठलो ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. अक्का माझ्यासमोर बसल्या, आमच्या हातांवर रुमाल पडला.

माझे वडील मिरजेच्या बाजारात द्राक्षं विकायचे. बोटांची भाषा मला त्यांच्याकडनं आली होती, त्यामुळं मी निर्धास्त होते. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पंजा म्हणजे पाच. मी मीटरचा दर सांगितला. अक्कांनी त्याच्या निम्मा सांगितला. मी थोडी उतरले. त्या हलल्या नाहीत. मी अजून उतरले, आणि इथं थांबायचं असं मनात ठरवलं. ठरवलं मात्र, अक्कांनी त्याच्याही खाली एक बोट दाबलं आणि धरून ठेवलं. मी नाही म्हणून हात आवळला. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी माझंच बोट ढिलं पडलं.

"झाला," अक्का म्हणाल्या आणि रुमाल उचलला.

इतक्या कमी दरात मी कधी कुणाला वायर दिली नव्हती, नंतरही दिली नाही.

"अक्का, हे शिकलात कुठं?" मी विचारलं.

"हे रोज संध्याकाळी घरी येऊन दिवसभराचा सौदा माझ्या हातावर सांगायचे. कुणी किती दाबलं, कुणाचं बोट कुठं थरथरलं. चाळीस वर्षं."

"मग अण्णा, तुमच्यापेक्षा अक्काच बऱ्या!" कुणीतरी म्हणालं. हॉल हसला. शांतिनाथही हसला. अण्णा हसले नाहीत.

काम पावसाळ्यात उरकलं. बाहेरची वायर जमिनीखालनं पाइपातून नेली, विजेच्या भीतीनं दोन्ही टोकांना संरक्षक डब्या बसवल्या. हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीमागं वायरीचं एकेक वेटोळं लटकत होतं. पहिल्या दिवशी काही सभासद ती वेटोळी मोजपट्टीनं पडताळून बघत होते. शांतिनाथनं तोवर स्वतःचा परवाना काढला होता, स्वतःची फर्म, हॉलमध्ये स्वतःची खुर्ची. काकांची मिळाली नाही तर नाही.

नव्या हंगामाच्या पहिल्या सौद्याला अण्णांनी मला गाळ्यात येऊन बसायला सांगितलं. त्यांची वायर तेवढी बाहेरनं आलेली. काही झालं तर माणूस हाताशी हवा. मी गेले तर शटर अर्धं खाली ओढलेलं. आत कॉम्प्युटरसमोर राजाक्का बसलेल्या, चष्मा नाकावर. अण्णा बाजूला, हात मांडीवर उपडे.

"अण्णा, तुम्ही नाही बसणार?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. जणू मीच त्यात काही बघणार होते.

"रक्तातल्या साखरेनं बोटं मेलीत, बाई. दोन हंगाम झाले. रुमालाखाली समोरचा काय दाबतोय ते कळतच न्हाई. अंदाजानं व्हय म्हणायचो."

तो रक्ताचा थेंब मला आठवला.

"कुणाला माहीत आहे?"

"हिला. आणि शांतिनाथला. त्यानं एकदा रुमालाखाली मुद्दाम आपला हात दिला. दाबली तीन, मी म्हणालो पाच. तो कुणाला बोलला न्हाई, एवढं त्याचं मानतो. पण दुसऱ्या दिवसापासनं वायर वायर करायला लागला. त्याला वाटलं, आता म्हातारा संपला."

"आणि हॉलमध्ये अक्का बसल्या असत्या तर?"

"संघातल्या अडतीस जणांनी अडतीस कारणं काढली असती," अक्का पडद्यावरनं नजर न काढता म्हणाल्या. "गाळ्यात कोण बसलंय, कोण बगायला येतंय?"

तेव्हा मला सगळं कळलं. जागा अण्णांसाठी नव्हतीच. चाळीस वर्षं यार्डातला प्रत्येक सौदा जिच्या तळहातावर उतरला, तिला यार्डातल्या एकाही परक्या माणसाचा हात धरता आला नव्हता. आता तो धरायची गरजच नव्हती.

सौदा सुरू झाला. पडद्यावर लॉटचा नंबर आणि चढता दर. कोण चढवतंय त्याचं नाव नाही. पहिले काही लॉट अक्कांनी जाऊ दिले. मग हिरव्या लांब मण्यांचा एक मोठा लॉट आला. असल्या मालाला अण्णांचं दिल्लीचं एकच गिऱ्हाईक होतं. ते किती दरापर्यंत जातं हे फर्मबाहेर एकट्या शांतिनाथला माहीत. इतकी वर्षं दिल्लीशी फोनवर तोच बोलायचा.

अक्कांनी दर लावला. लगेच एक रुपया वर गेला. अक्कांनी चढवला, लगेच पुन्हा वर. असं चालू राहिलं, तिसरं कुणी मध्ये येईना. अण्णा पुढं सरकले.

"अजून दोन रुपयं जागा हाय. चढव."

अक्कांनी हात मागं घेतला.

"अगं, दिल्लीला पायजे हा माल! चढव!"

"ह्यो माल घ्यायला बसलेला न्हाई," अक्का म्हणाल्या. "माल पायजे असणारा माणूस दर चढला की जरा थांबतो, मनातल्या मनात घरी जाऊन येतो. ह्यो थांबतच न्हाई. मी दाबलं की ह्याचं आलंच. ह्याला माल नको, मला दर चढवायला लावायचंय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "वायर सगळ्यांची सारखी हाय न्हवं?"

"आहे, अक्का."

"मग येळ लागला तर माणसाचा लागतोय. वायरीचा न्हाई."

सारख्या लांबीची कल्पना कुणाची होती हे मी विचारलं नाही. अण्णा अक्कांकडं बघत होते, तेवढं पुरलं. लाखावा हिस्सा हे शास्त्र आजही माझ्याच बाजूला आहे. पण समोरच्याचा प्रत्येक क्षण त्याचाच आहे, वायरीचा नाही, एवढा भरवसा त्या बाईला पाहिजे होता, आणि तो तिनं नवऱ्याला पैसे भरायला लावून विकत घेतला होता.

पडद्यावरचा आकडा थांबला. लॉट गेला. आमच्याकडं नाही.

दुपारी शटरखालनं वाकून शांतिनाथ आत आला. अक्का अजून कॉम्प्युटरसमोरच होत्या, पण त्याचं लक्ष काकांकडं होतं.

"काका, तो हिरवा लॉट माझ्याकडं आलाय."

"ऐकलं."

"तुमच्या दिल्लीवाल्याला तो पाहिजेच असणार."

"पायजे की," अक्का म्हणाल्या. "बस, च्या घे. आमच्या पयल्या दरानं पायजे."

"काकू, तो दर माझ्या खरेदीच्या खाली जातोय."

"मग एवढा चढवलास कशाला?"

तो काकांकडं वळला. "काका, तुम्ही आजवर मध्ये कधी थांबला नाहीत. आज कसे थांबलात?"

"मी कुठं थांबलो रे? माझ्या हातात काय राहिलंय, ते तुला माहीत हाय की."

शांतिनाथनं तेव्हा कुठं नीट बघितलं. कॉम्प्युटर, खुर्ची, खुर्चीत काकू, नाकावर चष्मा. मग तो मटकन बेदाण्याच्या पेटीवर बसला.

"म्हणजे मी इतके दिवस काकांशी भांडत होतो."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "च्या निवतोय."

चहा पिऊन त्यानं लॉट त्यांच्या दरानं देऊन टाकला. दुसरं गिऱ्हाईक त्याला नव्हतंच, आणि दिल्लीवाला अण्णांशिवाय कुणाकडनं घेत नव्हता. मगदूमांच्या गाळ्यात कोण बसतं हे आठवड्यात सगळ्या यार्डाला कळलं. दोन-तीन जणांनी नियम काढून बघितला. एका फर्मला एक जागा एवढंच त्यात होतं, बसायचं कुणी ते नव्हतं, आणि ते लिहायला पुन्हा बैठक बोलवावी लागली असती. कुणी बोलावली नाही.

एकंदर हिशोब असा झाला. जादा वायरीचे पैसे अण्णांनी मोजले. अध्यक्षांची दुपारची झोप पेटीच्या घरघरीत गेली. माझा नफा एका ढिल्या बोटात गेला. आणि त्या लॉटवर चढलेले रुपये शांतिनाथनं पदरचे भरले. ते ज्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडले तो त्या दिवशी यार्डात आलाही नव्हता. आपल्या मालाला एवढा दर कशामुळं लागला हे त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं तो आपल्या बागेच्या खात्यावर मांडला असेल.